तुरीचं गाठोडं, भुसाचं गाठोडं

मुखेडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत महानंदाबाई सातवीला विज्ञान शिकवत. नोकरीला बावीस वर्षं झाली, पण तालुक्याच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठ घ्यायचा मान त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. यंदा केंद्रप्रमुख वैजनाथ सर पाठ बघून नाव ठरवणार होते. मग बाईंनीही सगळे करतात तेच केलं. आदल्या दिवशी वर्गाकडून तालीम करून घेतली. प्रश्न ठरलेले, उत्तरं पाठ.

पुनम तेवढी त्या दिवशी गैरहजर होती. तिच्या घरी तुरीची रास चालू होती.

दुसऱ्या दिवशी सर मागच्या बाकावर बसले. बाई स्टुलावर चढल्या आणि जाड वही व खोडरबर एकदम सोडलं.

"कोण आधी पडलं?"

"दोन्ही संगंच!" वर्ग एका सुरात ओरडला.

"म्हणजे जड असो, हलकं असो, पृथ्वी सगळ्यांना सारखंच खाली ओढून आणते."

"न्हाई म्याडम," पुनम उठली. "काल आम्ही भूस येगळं करायला तूर उधळून राहिलो होतो. दाणे पायापाशी, अन् भूस पार बांधाकडं. दोन्ही संगंच पडत असतील तर उधळायचं कशाला?"

"आली मोठी शास्त्रज्ञ!" शेजारच्या बाकावरचा गंधार म्हणाला. वर्ग खो खो हसला.

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. सर घड्याळ बघत होते. 'नंतर बघू' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बाईही शेतकऱ्याच्याच घरच्या. जन्मभर सूप हातात धरलं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"तुझं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पळ, थोडी तूर अन् भूस आण."

पुनमचं घर शाळेला लागूनच होतं. तिने स्टुलावरून आधी सुटं भूस सोडलं. ते तरंगत राहिलं. मग बाईंनी दोन फडक्यांत तूर आणि भूस गच्च, सारख्याच आकारात बांधून दिलं. पुनमने दोन्ही गाठोडी एकदम सोडली.

धप्प! आवाज एकच.

"मंजी सुट्या भुसाला वारं आडवं येतंय!" पुनम ओरडली.

तासिका संपून पंधरा मिनिटं उलटली होती. सर बाईंना घेऊन बाहेर आले. "बाई, वेळ पाळायला पाहिजे होती. मला दुसऱ्या शाळेचं नाव द्यावं लागेल."

"हो सर."

बाईंना वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलंही. सरांची गाडी गेल्यावर त्या वर्गात परतल्या.

"अजून कोणाला काय पटलेलं नाही?"

 मग गंधारनेच हात वर केला.