बारानंतरची गोळी

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आदिलाबादच्या आमच्या वस्तीतल्या बौद्ध विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि ते आक्का करायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. उटनूरकडच्या जंगलातल्या शाळांतून मराठी शिकवून ती निवृत्त झाली, इथं राहायला आली, आणि पहिल्याच आषाढी पौर्णिमेला, नेहमीचे वाचक गुरुजी चष्मा घरी विसरल्यामुळं, ग्रंथ तिच्यापुढं सरकवला गेला. तो पुन्हा गुरुजींकडं गेला नाही. गुरुजींनीही चष्मा शोधायची फारशी घाई केली नाही.

आक्काचं वाचन ऐकण्यासारखं होतं. ती आवाज चढवायची नाही, हातवारे करायची नाही. अवघड शब्द आला की तेवढा दोनदा वाचायची. ही शाळेतली सवय. अर्थ मात्र कधी सांगायची नाही. "अर्थ सांगायले बसलं का भाषन होते," म्हणायची.

भाषणांची आमच्याकडं टंचाई नाही. वर्षावासाच्या समारोपाला पाहुणे येतात आणि ते उशिरा येतात, कारण वेळेवर येणारा माणूस पाहुणा वाटत नाही. त्यांच्यासाठी विहार समितीनं लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या खुर्च्या घेतल्या आहेत. त्यांत बसलेला कुणीही नवरदेव तरी दिसतो, नाही तर नुकताच खालसा झालेला संस्थानिक. शिवाय बोलण्यासाठी छातीइतक्या उंचीचं एक सागवानी स्टँड आहे. हे सगळं सामान वर्षभर प्लास्टिकच्या आवरणाखाली पाहुण्यांची वाट पाहत असतं.

बाकीचे आम्ही सतरंजीवर. ग्रंथ एका बुटक्या चौरंगावर, आणि चौरंगापुढं मांडी घालून आक्का.

मांडी घालता येत होती तोवर ठीक होतं. पण नोकरीभर डोंगरवाटा तुडवलेले तिचे गुडघे हळूहळू सुजायला लागले. उठताना ती भिंत धरायची, मग माणूस धरायची, मग उठायचंच टाळायची. समितीच्या अध्यक्षांनी मोठ्या मनानं एक मखमली खुर्ची देऊ केली.

"आक्का, तुमच्यासाठी आवरन काढतो," ते म्हणाले. हा आमच्याकडं मोठा मान आहे.

"अन् ग्रंथ खाली ठिवून मी वर बसू का?" आक्का म्हणाली. "आपला बाप मालकाच्या खाटेखाली बसे. मी ग्रंथाच्या वर बसन तर त्याले काय वाटन?"

वाक्य इतकं चांगलं होतं की त्यावर विचार करायचं कुणाला सुचलंच नाही. वडील नेरडीगोंड्याच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात राबून गेले होते, आणि आक्का वाचत असे तेव्हा ते मागच्या रांगेत असावेत असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

मग गोळी आली. सूज उतरवणारी, दुखणं थांबवणारी. बसस्टँडसमोरच्या मेडिकलवाल्यानं ती दिली. तो तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलतो आणि आक्काला टीचरम्मा म्हणतो. "टीचरम्मा, खाना खाके लेना," एवढं त्यानं सांगितलं. मागं कधी तरी कुणी डॉक्टरनं लिहून दिलेलं नाव होतं. ते डॉक्टर बदलून गेले, नाव राहिलं.

गोळीनं काम केलं. संध्याकाळी वाचनाच्या आधी एक घेतली की आक्का मांडी घालून बसायची आणि वाचन संपेपर्यंत हलायची नाही. लोक म्हणाले, श्रद्धेनं गुडघे धरले. आक्का हसली. काय धरलंय ते तिला माहीत होतं.

त्या वर्षी तिनं आणखी एक गोष्ट केली. आमच्यातले बरेच लोक पौर्णिमेला, अष्टमीला अष्टशील पाळतात. त्यात दुपारी बारानंतर जेवायचं नसतं. आक्कानं ठरवलं की या खेपेला पुरे तीन महिने पाळायचं. "नोकरीत कधी जमलं नाई," म्हणाली. बारानंतर अन्न चालत नाही. पाणी, सरबत आणि औषध चालतं. म्हणजे संध्याकाळी, सकाळच्या जेवणाला कितीतरी तास उलटल्यावर, रिकाम्या पोटात ती गोळी जायची, रोज.

माझी बायको म्हणाली, "आक्का, गोळीसंगं दोन घास खा ना. वाटल्यास पोळीचा तुकडा."

"बारानंतर?"

"मंग गोळी नोका घेऊ."

"गोळी अन्न हाय का? औषधाले मनाई नाई."

माझी नोकरी महसूल दफ्तरातली. नियमाचा सोयीचा अर्थ काढणारे मी पुष्कळ पाहिले. नियमाचा गैरसोयीचा अर्थ इतक्या काटेकोरपणे काढणारी ही एकच. मी तिला म्हटलं, "आक्का, शील पोटाच्या भल्यासाठीच नसते का?"

"बापू, तू रोज पोटासाठीच जगून राह्यला," ती म्हणाली आणि लिंबूपाण्याचा पेला उचलला.

पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा तिनं उपवासाला दोष दिला नाही, गोळीलाही नाही. मेडिकलमधून गुलाबी पातळ औषध आणलं. तेही औषधच, म्हणजे तेही चाललं. दुपारनंतरचा तिचा सगळा आहार आता लिंबूपाणी, सुजेची गोळी आणि त्या गोळीवरचं गुलाबी औषध एवढाच होता, आणि त्यात शील कुठंही मोडत नव्हतं.

मग एक दिवस तिनं माझ्या बायकोला हळूच सांगितलं की परसाकडं काळं होतं, डांबरासारखं. बायकोला ते चमत्कारिक वाटलं नाही, कारण जांभळांचे दिवस होते. उटनूरकडच्या बाया टोपल्या घेऊन येत, आणि साखरेच्या दुखण्यावर चांगली म्हणून आक्का सकाळच्या जेवणानंतर ओंजळभर जांभळं खायची. दोघी आपापल्या जांभळ्या जिभा आरशात पाहून हसल्या. जीभ अशी होते, तर पोटाचं काय सांगावं.

जांभळं संपली. पाऊस धो धो लागला, टोपल्या यायच्या बंद झाल्या. काळं होणं बंद झालं नाही. पण जे कारण एकदा पटलं होतं ते गेलं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आक्काचा चेहरा पांढरा पडत चालला होता. विहारात लोक म्हणायचे, शीलाचं तेज आहे.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ती वाचत होती. एक शब्द तिनं दोनदा वाचला. अवघड असेल, असं आम्हाला वाटलं. तिनं तो तिसऱ्यांदा वाचला. माझ्या लक्षात आलं की शब्द अवघड नव्हता. तेवढ्यात ती पुढं झुकली, ग्रंथ वाचवायला एका हातानं बाजूला सारला आणि चौरंगाशेजारी ओकली. पांढऱ्या साडीवर चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी पसरलं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलणारी. तिनं रक्त चढवलं, दुर्बिणीनं पोट पाहिलं, आणि आत जखम आहे, तीतून बरेच दिवस रक्त झिरपतंय, असं सांगितलं. मग आक्काजवळ बसली.

"अम्मा, खाली पेट गोली क्यों लेते थे?"

"खाने को मना है, डॉक्टर. गोली को मना नहीं है," आक्का क्षीण आवाजात म्हणाली.

डॉक्टरणीनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. नंतर बाहेर तिनं मला समजावून सांगितलं की जेवून घेतल्या असत्या तरी या वयात, इतके दिवस, कुणाला न दाखवता या गोळ्या घेणं बरं नव्हतंच; पोटाचं रक्षण करणारं औषध आधीपासून द्यायला हवं होतं, आणि काळं दिसल्या दिवशी यायला हवं होतं. म्हणजे दोन घासांचा माझा आणि बायकोचा हिशेबही पुरता बरोबर नव्हता. हळहळ करायला माणसाला एक ठाम जागा लागते. तीही मिळाली नाही.

समिती भेटायला आली. फळं आणली, शाल आणली. अध्यक्षांनी खाटेच्या पायाशी उभं राहून त्याग या विषयावर थोडक्यात म्हणून सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. तिला वाटलं, कुणी गेलं.

आक्का ऐकत नव्हती. ती स्टुलावर ठेवलेल्या डब्याकडं पाहत होती. उशीला टेकून बसलेल्या तिच्या हाताशी तो बरोबर येत होता.

"बापू," ती मधेच म्हणाली, "ग्रंथच वर ठिवला असता तर?"

अध्यक्ष थांबले.

"उंच टेबल ठिवलं असतं, त्यावर ग्रंथ. मी साद्या खुर्चीवर. तो वरच राह्यला असता ना?"

पाहुण्यांचं ते सागवानी स्टँड आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं असणार. आम्ही सगळी शिकलेली माणसं, मास्तर, कारकून, आणि तिच्या एका चांगल्या वाक्यापुढं आमची अक्कल चौरंगाइतकीच बुटकी राहिली. अध्यक्षांना बोलायला काही सुचू नये, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आक्का वाचली. ती गोळी कायमची बंद झाली. गुडघे आता शेकावर आणि तेलावर आहेत, डॉक्टरीण देईल तेवढ्या औषधावर आहेत, आणि दुखतात. मांडी घालणं संपलं.

पुढच्या आषाढीला समितीनं खरोखर एक उंच टेबल केलं आणि त्यामागं साधी खुर्ची ठेवली. ग्रंथ वर, वाचणारा खाली. आक्काला बोलावणं आलं. ती काठी टेकत गेली, टेबलावरून हात फिरवला, खुर्चीत बसूनही पाहिलं. उंची नेमकी जमली होती.

पण मधल्या काळात वाचन आमच्या गल्लीतल्या एका सुनेकडं गेलं होतं. ती नेरडीगोंड्याला मंडल कार्यालयात, म्हणजे इथल्या तालुका कचेरीत, कामाला आहे. संध्याकाळी बसमधून उतरते ती थेट विहारात. शिक्षण सगळं तेलुगूतून, त्यामुळं मराठी अडखळत वाचायची. त्या दिवशी ती दाराशी उभी होती, पिशवी खांद्यावरच.

"आता तुमीच वाचा, आक्का," ती म्हणाली. "मी फक्त तुमी येइस्तोर होती."

आक्कानं तिच्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं. "बस तू," म्हणाली. "आता कुठं तुले वाचता येऊन राह्यलं."

ती उठली. उठताना तिनं माझा हात इतका घट्ट धरला की गुडघ्यांमुळंच धरला, असं मला म्हणता येईना. घरी येताना ती टेबलाबद्दल एवढंच बोलली, "एका वर्सानं उशीर झाला रे."

आता ती मागं, भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. पुढं सून चांगलं वाचते. तिला दुसऱ्यांदा वाचायची सवय नाही; अवघड शब्द आला की ती तसाच ओलांडून पुढं जाते. मग मागं आक्का तो शब्द एकदा हळू म्हणते. शेजारी बसलेल्यांनाच ऐकू येतो.