परबवहिनींचा आडाळो

आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पाहुणे येणार, हे परबवहिनींना सगळ्यांच्या आधी कळायचं, कारण नारळ त्यांच्याकडे जायचा. आडाळ्यावर, म्हणजे पातं लावलेल्या त्या लाकडी पाटावर, एक गुडघा उभा करून त्या बसायच्या आणि खोबरं खवायच्या. करवंटीजवळचा काळपट थर त्यात कधी उतरला नाही. मिक्सरचं नाव काढलं की म्हणायच्या, "त्येका चुरो म्हणतत, खोबरां न्हय."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या बाथरूमच्या दारात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लेट आणि स्क्रू घालून ते जोडलं. वर बजावलं, हाडं ठिसूळ आहेत, वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही. सुनेनं, स्नेहानं, आडाळो पलंगाखाली सरकवला.

स्नेहा ऑफिसात असायची, म्हणून दुपारी सोबतीला मी. तेव्हा मी जेमतेम एकाहत्तर वर्षांची, अक्कल यायची होती. रग मात्र अशी, की लिफ्ट सोडून चार मजले चढायचे आणि कुणी बघत नाही याची खात्री करून मगच धापा टाकायचे.

पाचव्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "कुसुम, माका जरा खाली बसव गो. एकच कवड खवतंय."

"वहिनी, डॉक्टर ओरडतील."

"डॉक्टर काय सोलकढी करून घालतलो?"

मला हसू आलं, तिथंच वाट लागली. काखेत हात घालून मी त्यांना खाली उतरवलं. कवड अर्धी होईपर्यंत त्या गुणगुणत होत्या. मग हात थांबला.

"गो, माका उठाक येणा नाय."

कसंबसं मी त्यांना पलंगावर घेतलं. संध्याकाळी त्या कण्हायला लागल्या. स्नेहानं ताटलीतलं खोबरं पाहिलं.

"मी आपल्याच मनान बसलंय," वहिनींनी सांगून टाकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही तोंड उघडलं नाही.

स्क्रू हाडातून सुटला होता. पुन्हा धरेल असं हाडच उरलं नव्हतं. एरवीही तो सुटला असता का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. वहिनी उठल्या नाहीत. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला. शेवटी शेवटी नुसती बोटं फिरायची, हातात कवड असल्यासारखी. तिसऱ्या महिन्यात त्या गेल्या.

तेराव्यानंतर स्नेहा आडाळो घेऊन आली. "काकू, तुम्हीच ठेवा. आईंना तुमचाच आधार होता."

मी ठेवून घेतला. ओट्याखाली आहे. सोलकढीला मी मिक्सरचा चुरा वापरते.