जमिनीवरचे दाजी

आमच्या दाजींइतका जमिनीवर कमी राहिलेला आणि जमिनीवर आल्यावर माणसांना इतका छळणारा गृहस्थ अख्ख्या मावळात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाळीस वर्षं त्यांनी प्रवासी विमानं चालवली आणि वयाच्या नियमाने खाली उतरवल्यावर तुंगार्लीच्या बंगल्यात मुक्काम ठोकला. त्यांच्या लेखी माणसांचे प्रकार दोनच, वैमानिक आणि सामान. मी बायकोचा भाऊ असल्यामुळे हातातल्या बॅगेत मोडतो, एवढीच काय ती सवलत.

त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं. वैमानिकांचा सगळा कारभार म्हणे त्याच वेळेवर चालतो, मग वरणभाताने का मागे राहावं? मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि भिंतीवर साडेसात. ताईने शांतपणे पानं वाढली. मनातल्या मनात साडेपाच तास मिळवण्यात तिचा हात आता कुणी धरणार नाही. संध्याकाळी मुंबईकडे उतरणारी विमानं डोक्यावरून जायला लागली की दाजी दुर्बीण घेऊन गच्चीवर. हा घाई करतोय, तो फार उंच राहिलाय, असे शेरे चालू. त्यातल्या एकाही वैमानिकाने आजवर त्यांचं ऐकलेलं नाही, तरी ती सगळी सुखरूप उतरतात याचं थोडं श्रेय दाजी स्वतःकडे ठेवतात.

पण खरा छळ गाडीचा. दाजी आभाळात होते तोवर पोरांच्या शाळा, सासऱ्यांचं हॉस्पिटल, खंडाळ्याचा घाट, सगळीकडे ताईनेच गाडी नेली. दाजी घरी आले आणि तिची रवानगी शेजारच्या सीटवर झाली. किल्ली फिरवण्याआधी ते यादी वाचतात, आरसे, दिवे, पेट्रोल, दारं, आणि ताईने दरवेळी ‘तपासलं’ म्हणायचं. एकदा तिने कंटाळून चारही उत्तरं एकदम दिली, तर यादी पहिल्यापासून सुरू झाली. बाजारात पोचेपर्यंत कोथिंबीर संपली होती. शिवाय धुकं ठरावीक मापापेक्षा दाट असलं की गाडी निघतच नाही, आणि तुंगार्लीत तर पावसाळाभर धुकंच. औंढ्याहून दूध घालायला येणारे आबा एकदा न राहवून म्हणाले, “सायेब, तुमी इमान चालिवलं म्हनं. मग ह्या धुक्याला कशापायी भेता? आमी म्हशी बी सोडल्या चरायला.” दाजींनी गंभीरपणे सांगितलं की म्हशींना वाट ठाऊक असते, वैमानिकाला ती दिसावी लागते.

यंदा ताई माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. दाजींनी फाटकाचा खांब दोनदा घासला होता. वर बाजारात रस्ता ओलांडणारी एक बाई त्यांना दिसलीच नव्हती. ताई ओरडली म्हणून ती वाचली. “मी किल्ली काढून घेतली तर हे खचतील,” ताई म्हणाली, “आणि नाही घेतली तर कुणाचातरी जीव जाईल रे.”

लायसन्सची मुदत संपत आली होती, त्यासाठी डोळे तपासून दाखला हवा होता. आम्ही तिघं तळेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गाडी अर्थातच दाजींनी चालवली आणि मागे बसून मी आठवतील तेवढ्या देवांना कामाला लावलं. नोकरीत दर सहा महिन्यांनी डोळे दाखवणारा माणूस तो, तक्त्याला काय भिणार? एक डोळा झाकून दाजींनी सगळ्यांत बारीक ओळीपर्यंतची अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “काका, तो तक्ता मी परवाच बदलला.”

आठ दिवसांपूर्वी चष्म्याचं निमित्त काढून दाजी एकटेच तिथे येऊन गेले होते आणि जुना तक्ता अगदी जवळ जाऊन पाठ करून ठेवला होता. असा प्रसंग मला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता. मी हसायला तोंड उघडलंसुद्धा, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. पुढच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब निघाले. गेलेली नजर परत येणार नव्हती.

बाहेर आल्यावर दाजी सवयीने गाडीच्या उजव्या दाराशी गेले आणि तिथेच उभे राहिले. मग ताईकडे न बघता म्हणाले, “खांब मला दिसत नव्हता. ती बाईही. मला माहीत होतं. नोकरीत असतो तर मीच मला खाली उतरवलं असतं.” आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

ताईने ती घेतली, वळसा घालून पलीकडे गेली आणि डावीकडचं दार उघडून धरलं.

“बसा,” ती म्हणाली. “विमानात कॅप्टन डावीकडेच बसतात ना?”

दाजी तिच्याकडे बघत राहिले. बहुधा नीट दिसतही नसेल तिचा चेहरा. मग ते आले आणि बसले, अगदी ताठ. ताईने गाडी काढली, कामशेत मागे पडलं. मी मागच्या सीटवरून त्यांच्या पिकलेल्या केसांकडे बघत होतो, आणि या छळवादी माणसाची मला इतकी माया आहे हे मला त्या दिवशी कळलं.