बँकॉकच्या बाजारातला चाफा आणि आमचा अबोला

बँकॉकला जायचं आम्हा दोघींपैकी कुणीच ठरवलं नव्हतं. ठरवलं आमच्या नवऱ्यांनी. भिवंडीत कामतघरला आमचं घर एकच. खाली मी, वर माझी धाकटी जाऊ रंजना, आणि मधल्या जिन्यात दिवाळीपासून अबोला. तिच्या मुलाच्या साखरपुड्यात ओवाळायला सवाष्णी उठवल्या, त्यात मलाच उठवलं नाही. मी थोरली, आणि खुर्चीत बसून राहिले. विसरली म्हणे. दोघा भावांना वाटलं, चार दिवस परदेशात एकत्र फिरवलं की बोलतील. पुढच्या महिन्यात माझ्या श्वेताची हळद होती, आणि काकूच्या हाताशिवाय हळद लागली असती तर श्वेता मला जन्मभर ऐकवत राहिली असती. मलाही रंजना हवीच होती. पण आधी तोंड कोणी उघडायचं?

तिसरा दिवस देऊळ आणि बाजाराचा. जाणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, नाहीतर दारातच अडवतात. आम्हा साडीवाल्यांना काही अडचण आली नाही, अडवलं ते आमच्या ह्यांना, हाफ पँटमुळे. मग त्यांना फुलाफुलांची भाड्याची लुंगी नेसवली.

आत झोपलेले बुद्ध. एवढे लांबलचक की पायांपाशी पोचेपर्यंत तोंड कसं होतं ते विसरायला होतं. भिंतीलगत ओळीने वाट्या मांडल्यात, त्यांत एकेक नाणं टाकत पुढे जायचं. मी भक्तिभावाने टाकत गेले, बाहेर येऊन पिवळ्या झेंड्यामागे चालू लागले, आणि बऱ्याच वेळाने कळलं की झेंडा पिवळा असला तरी माणसं सगळी सुरतची आहेत. आमचा टूर मॅनेजर विकी घामाघूम होऊन शोधत आला. "काकी, आपला झेंडा हिरवा आहे." सकाळी तो पिवळाच होता असं मी अजूनही म्हणते.

बसमध्ये डबा उघडला. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. रंजना मूळची दिघाशी गावची, चटणी तिच्याच हातची. आमच्याकडे अबोला म्हणजे अगदी मुकं राहायचं असं नाही, मधे माणूस घालून बोलायचं. ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दादा, त्यांना सांगा, चटणी तिखट हाय, बेतानं घ्या." मी दिराला म्हटलं, "भाऊजी, सांगा, मला चालते." दोघं भाऊ जेवायचे सोडून निरोप्याची ड्युटी करत होते.

दुपारी चायनाटाउनच्या होलसेल बाजारात सोडलं. गल्ल्या एवढ्या अरुंद की हातगाडी आली की दुकानात शिरायचं. रुपये काढायला तिथल्या बातला पावणेतीनने गुणायचं हे विकीने सांगितलं होतं, पण मी कधी गुणत होते, कधी भागत होते, आणि त्या हिशोबात मला एक छत्री फुकट वाटली, ती घेतली. एक मात्र पक्कं, तीनच्या वर नग घेतले की घासाघीस करता येते.

मला हवा होता चाफा. कापडी चाफ्याच्या क्लिपा, पांढऱ्या पाकळ्या, मधे हळदीसारखा पिवळा. श्वेताच्या हळदीत सगळ्या बायकांच्या केसांत एकसारख्या. एका दुकानात दिसल्या. रंजना चार पावलं मागे, पंखे बघत असल्यासारखी. दुकानदारीण गोल चेहऱ्याची, हसरी. तिने कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला, मी निम्मा दाबला. ती हसली, थोडा उतरवला. मी तोंड वाकडं केलं, चाफा खाली ठेवला आणि तरातरा चालू पडले.

भिवंडीच्या बाजारात वीस वर्षं मी असंच करत आलेय. गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या आत हाक येते, "ओ भाभी, ले जाओ." इथे हाक आली नाही. मी दोन गल्ल्या पुढे गेले तरी नाही. मग ध्यानात आलं. तिकडे हाक येते, कारण मी निघाले की रंजना मागे वस्तू हातात धरून उभी राहते. "देऊन टाका हो भैया, ताई गेल्या बघा." ते काम दोघींचं होतं, आणि मी एकटीच निघून आले होते.

परत फिरले तर ती गल्लीच सापडेना. सगळीकडे त्याच रिबिनी, तेच मणी, तेच पंखे. विकीचा फोन लागेना. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. शेवटी केळी तळण्याचा वास आला, मघाशी त्या दुकानापाशी आला होता तोच, आणि त्या वासामागे गेले.

दुकानात रंजना प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर चाफ्याची भरलेली पिशवी. मला बघून ती उठली नाही. दुकानदारणीकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "यांना सांग, अशा ठिकाणी एकटीनं जायाचं न्हाय."

दुकानदारणीने मान डोलावली. तिला काय कळलं, देव जाणे.

मीही तिलाच म्हटलं, "हिला विचार, हळदीला येणार आहे का."

"सांग, बोलावलं तर येईन."

"सांग, मलाही कोणी उठवलं असतं तर मी ओवाळलं असतं."

रंजनाने मांडीवरची पिशवी सरळ केली. मग हळूच म्हणाली, "सांग, खरंच विसरले. त्या दिवसापासून घास गोड लागला न्हाय."

बिचारी दुकानदारीण एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने दोघींच्या हातात एकेक तळलेलं केळं दिलं. परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, बोललो मात्र नाही. मिटलं की नाही ते मला विमानातही कळलं नाही.

घरी आल्यावर छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. फोटोंतल्या निम्म्या देवळांची नावं आठवत नाहीत. हळदीच्या आठवडाभर आधी कुंकू-अक्षत घेऊन जिना चढले. मधे घालायला कोणीच नव्हतं. दार रंजनाने उघडलं. केसांत चाफा, साध्या मंगळवारी.

"श्वेताला पहिली हळद तू लावायचीस," मी म्हटलं.

"आत या की ताई."

चहा पिताना इतके दिवस मनात असलेलं विचारलं. "त्या बाईने शेवटी चाफे कितीला दिले गं?"

रंजना कपात बघत म्हणाली, "एकटीनं कुठं भाव उतरतो ताई. तिनं सांगितले तेवढे पैसे मोजले."