म्हसूनानांचा शेवटचा खडू

"मेंढीच्या लोकरीतली गोचीड मला सापडती, मग तुझ्या जोडातलं भोक कुटं लपणार?"

असं म्हसूनाना राजूला एकदा म्हणाले आणि पुढची नऊ वर्षं ते खरं करत राहिले. भुकूम गावातल्या लोखंडकामाच्या शेडमध्ये गेटं, जिने, टाक्यांचे स्टँड व्हायचे. राजूनं वेल्डिंग करायचं, नानांनी तपासायचं. लहानपणी मेंढरं राखलेली बोटं जोडावरून फिरायची, मध्येच थांबायची, आणि खिशातून खडू निघायचा. भोक सापडलं की गोल. "गोचीड." कडेला चर पडला की रेघ. "उंदरानं खाल्लंय." जोड नुसता वर बसला, आत उतरलाच नाही, की फुली. "ह्यो जावई. घरात आलाय, पर घरचा न्हाई."

नऊ वर्षांत राजूचं एकही काम खडूवाचून सुटलं नव्हतं. "आज तरी?" बायको विचारायची. तो भाकरी मोडत बसायचा.

आज नानांचा कामाचा शेवटचा दिवस. भेट म्हणून द्यायची लोखंडी खुर्ची राजूनंच केली होती. ही त्याची शेवटची संधी. दोन पत्रे मधोमध जोडून खोलगट बैठक, आणि वर सोनेरी रंगाचे तीन हात. तपासणीआधी रंग लावणं म्हणजे चोरी, हे त्याला ठाऊक होतं. पण भेट कोण तपासतं?

मालक निरंजनशेठनी नानांना शाल घातली, हातात नारळ दिला. "बसा, नाना."

नाना बसले नाहीत. खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सोन्याची हाय व्हय?"

"नाना, भेट हाय ती!" राजू म्हणाला.

"आंदणाच्या मेंढीचं बी दात बघत्यात, गड्या."

आणि आवाज ऐकायला त्यांनी नारळानंच बैठकीवर ठोकलं. रंगाचा पापुद्रा उडाला. पुन्हा ठोकलं, तर नारळच फुटला. पाणी खळग्यात, नेमकं जोडावर साचलं.

सगळी शेड गुडघे टेकून खुर्चीखाली बघू लागली. शेठसुद्धा. राजूनं श्वास रोखला. काही नाही. अजूनही काही नाही. तो हसणार, तेवढ्यात जोडाखाली एक थेंब जमला, फुगला, विचार केल्यासारखा थांबला.

"पडला!" शेठ ओरडले.

राजूनं मान खाली घातली. नानांनी खडू काढून बैठकीखाली गोल केला, एवढा बारीक की राजूला तो डोळे बारीक करून शोधावा लागला. मग नारळाची भकलं त्याच्या हातात दिली, खुर्ची तशीच उचलून डोक्यावर घेतली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच "गोचीड" न म्हणता ते फाटकाबाहेर पडले. दर चार पावलांना पटक्यावर एक थेंब पडत होता.