बाईंना लावायचा राहिलेला गुलाल

आमच्या कॉलेजात नंबर काढला की गुलाल लागायचा. मैदान मारलेल्या पैलवानाला लागतो तोच, तसाच, मुठी भरभरून. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण कोल्हापुरात गुलालाशिवाय कुणी काही जिंकलं आहे, हे कुणाला पटतच नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. निकाल लागला की शिरोळकडची मुलं घरचा ट्रॅक्टर घेऊन यायची. हंगामभर ऊस वाहिलेली ट्रॉली धुऊनपुसून तिला आंब्याच्या डहाळ्या बांधायची. नंबरात आलेला ट्रॉलीत उभा, पुढे हलगी, आणि कॉलेजच्या फाटकापासून रंकाळ्यापर्यंत मिरवणूक.

यातून प्राध्यापकही सुटत नसत. गणिताच्या एका सरांचं पुस्तक छापून आलं तेव्हा मुलांनी त्यांना उचलून ट्रॉलीत घातलं होतं. सर सारखे "पुरे, पुरे" म्हणत होते, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हते. त्यांचं टक्कल पुढचे काही दिवस गुलाबी होतं आणि फळ्याकडे वळले की मागून आम्हाला ते दिसायचं. त्यांनी टोपी घातली असती तर झाकलं असतं. घातली नाही.

मुलींचा थाट वेगळा. मुलगी नंबरात आली की प्राचार्यांच्या पत्नी लेडीज रूममध्ये हळदीकुंकू करायच्या. ओटी, खणाचा तुकडा, वर चिवडा आणि कॉफी. त्या मनाने फार चांगल्या होत्या. पोरींनी ट्रॉलीत उभं राहून गुलालात नाचायचं असतं का, असं त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या नाहीत. मला मात्र गुलालच हवा होता. पहिल्या वर्षापासून मी व्हरांड्यात उभी राहून ती ट्रॉली जाताना बघायचे आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. मी नंबरासाठी अभ्यास केला असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मी गुलालासाठी केला.

मी कागलची. अब्बांचं तिथे टेलरिंगचं दुकान होतं. आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मी एसटीत चढले की नाही याकडे दहा घरांचं लक्ष असायचं. अशा मुलीला संध्याकाळी प्रॅक्टिकलला थांबवून घ्यायचं म्हणजे धाडसाचं काम. ते आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी केलं. त्या स्वतः कागलला आल्या, दुकानात मशीनशेजारच्या बाकावर बसल्या आणि अब्बांना म्हणाल्या की मुलगी माझ्या ताब्यात द्या, एसटीत मी बसवून देत जाईन. आणि त्यांनी खरोखरच बसवून दिलं, दोन वर्षं, पावसापाण्यात छत्री धरून.

बाई तेव्हा पस्तिशीच्या आसपास असतील. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला होता. सासर मुरगूडकडचं, शेतीवाडीचं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा सासू त्यांच्याबरोबर कोल्हापुरात राहायला आली. सकाळचा स्वयंपाक, कॉलेज, पुन्हा स्वयंपाक, आणि मधल्या फटीत पीएच.डी.चं संशोधन, असं त्यांचं चाललं होतं. कपाळ मोकळं, पांढऱ्यावर बारीक नक्षीची साडी. कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. प्रयोग उत्तम झाला तर "बरं आहे" म्हणायच्या. ते "बरं आहे" ऐकायला मी आजही काय वाटेल ते देईन.

मी बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आले आणि त्याच आठवड्यात बाईंना डॉक्टरेट जाहीर झाली. कॉलेजात एकच आनंद झाला. प्राचार्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि त्यांच्या पत्नींनी लगोलग हळदीकुंकू ठरवलं. आमंत्रणं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उत्सवमूर्ती दोघी, त्यातली एक विधवा आणि दुसरी मुसलमान. कुंकू लावायचं कुणाला?

त्या लॅबमध्ये आल्या तेव्हा त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. पदराशी चाळा करत त्यांनी सांगितलं की हळदीकुंकू आटोपलं की तुम्ही दोघी कॉफीला या, तुमच्यासाठी वेगळी ठेवते. बाईंनी मान डोलावली, बरं म्हणाल्या आणि हातातलं ब्युरेट स्टँडला लावलं. मला संताप आला होता. माझ्या नंबराचं कुंकू वर्गातल्या काठावर पास झालेल्या मुली लावून घेणार, आणि मी इथे ॲसिडच्या वासात बसून कॉफीची वाट बघणार. वर लेडीज रूममधून हसण्याचा आवाज येत होता. उखाणेसुद्धा चालले असावेत.

तेवढ्यात दारात आमच्या वर्गातली मुलं येऊन उभी राहिली. पुढे शिरोळचा, ट्रॅक्टरवाला. हातात गुलालाचा पुडा. एरवी हा प्राचार्यांसमोरही मोठ्याने बोलणारा, त्या दिवशी त्याची मान खाली.

"बाई, गुलाल आणलाय. पर तुमास्नी कसा लावायचा, आमाला कळंना," तो म्हणाला. मग पुडा टेबलावर ठेवून म्हणाला, "तुमचं तुमीच घ्या लावून. आमी भायेर हाय."

मुलं बाहेर गेली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. नुसती उभी राहतील तर कोल्हापूरची कसली? कुणीतरी हलगी काढली. लॅबच्या काचा थरथरायला लागल्या.

बाईंनी पुडा सोडला. तुझ्या घरी चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, न चालायला काय झालं, गावच्या उरुसात अब्बा स्वतः उधळतात. मग त्यांनी मूठ भरली आणि माझ्या डोक्यावर रिकामी केली. दुसरी भरली. तिसरी गालांना. त्या हसत होत्या, मोठ्याने, तोंडावर हात न घेता. मी त्यांना असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग मी मूठ भरली. हात त्यांच्या कपाळापर्यंत नेला आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको गं. घरी सासूबाई आहेत."

मी तशीच उभी. माझ्या चेहऱ्यावरचा राग त्यांना दिसला असणार.

"त्या वाईट नाहीत," बाई म्हणाल्या. "काही बोलणारही नाहीत. पण माझ्या कपाळावर लाल बघून त्यांना मुलगा आठवेल. रडतील. आज नको. पुढे कधीतरी लाव."

विसाव्या वर्षी "पुढे कधीतरी" या शब्दांवर माणसाचा केवढा विश्वास असतो. मी मूठ पुड्यात सोडली.

बाई बेसिनपाशी हात धूत राहिल्या. साबण झाला, स्पिरिट झालं, पण तळव्यांचा रंग काही जाईना. सगळ्या जिल्ह्याला डाग कशाने जातात ते शिकवणारी बाई, आणि गुलालापुढे तिचं काही चालेना. शेवटी त्यांनी पदराखाली हात घेतले आणि मला एसटीवर सोडायला निघाल्या. मी लालेलाल. कंडक्टर म्हणाला, "काय पावणं, कुणाचं इलेक्शन जितलं?" बाईंनी खालून सांगितलं की विद्यापीठात पहिली आली आहे, नीट बसवून न्या. त्याने मला पुढची सीट दिली आणि कागलपर्यंत चढणाऱ्या प्रत्येकाला माझी हकिगत सांगितली.

पुढे मी सांगलीकडे नोकरीला लागले, लग्न झालं, मुलं झाली. माझेही सत्कार झाले. शाल, नारळ, हार, माझं नाव चुकीचं वाचणारा सूत्रसंचालक, सगळं झालं. प्रत्येक वेळी मी पहिल्या रांगेत बाईंना शोधायचे, त्या यायच्या नाहीत हे ठाऊक असूनही. कोल्हापूरला गेले की त्यांच्या घरी जायचे. आत सासूबाई बसलेल्या असत, एकेक वर्षाने लहान होत गेलेल्या. बाई चहा करत. मनात यायचं, आज विचारावं, तो राहिलेला गुलाल लावू का म्हणून. पण म्हातारी समोर असायची आणि एसटीची वेळ झालेली असायची.

ऐंशीचं दशक सरता सरता बाई गेल्या. म्हातारीच्या आधी गेल्या. तार मिळाली तशी मी निघाले. पोचले तेव्हा अंगणात माणसं भरली होती आणि बाईंना बाहेर आणून ठेवलं होतं. एकेक बाई पुढे येत होती, हार घालत होती, ताटातला गुलाल चिमटीने घेऊन कपाळाला लावत होती. आमच्या भागात गेलेल्या माणसाला गुलाल लावतातच. त्यात विधवा-सधवा कुणी बघत नाही. बाईंचं कपाळ लाल झालं होतं. मी बघत राहिले.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मला त्यांनी हाताने जवळ बोलावलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं फारसं, पण ओळखलं.

"कागलची न्हवं तू? तवा तिचं हात लाल बघितलं हुतं म्या," त्या म्हणाल्या. "पदराखाली झाकून आली हुती. म्या इचारलं न्हाय. कपाळाला लावून आली असती, तरी बी काय म्हणलं नसतं गं."

म्हटलं असतं की नसतं, कोण जाणे. मेलेल्या माणसावर माया करणं सोपं असतं. पण त्या रडत होत्या, बाई म्हणाल्या होत्या तशाच.

मी पुढे गेले. ताट धरलेल्या बाईने ते माझ्यासमोर केलं. चिमूट घ्यायची असते, मी मूठ घेतली. बाईंच्या कपाळावर आडवी लावली, मग गालांना लावली, आणि वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "अभिनंदन, बाई."

शेजारच्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. बघू देत, म्हटलं.