क्रेनच्या केबिनमधली प्रार्थना

बांधकामावर त्याला सगळे 'वरचे' म्हणायचे. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये सकाळी चढला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो खाली उतरायचा नाही, म्हणून. लोखंड यायला उशीर झाला की खालचे मिस्त्री म्हणायचे, "वरच्यांची मर्जी झाली की येईल." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

दर रविवारी तो बायकोबरोबर चर्चला जायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि उपदेश लांबला की डुलकी काढायचा. प्रार्थना हे घरात बायकोचं खातं होतं. ती जेवणाआधी करायची, झोपण्याआधी करायची, मुलाच्या परीक्षा आल्या की उठताबसता करायची. हा शेवटी 'आमेन' म्हणायला तेवढा हजर.

मग एका संध्याकाळी मुलगा काच फुटलेली गाडी घेऊन घरी आला. तोंडाला दारूचा वास येत होता. "बाबा, कोणीतरी आडवं आलं," एवढंच तो म्हणाला. तो तिथे थांबला होता का, हे विचारावं लागलं नाही. बापाने पायात चपला घातल्या आणि त्याचा दंड धरला. आई दारात आडवी उभी राहिली.

"अहो, निदान सकाळपर्यंत थांबा."

तो थांबला नाही. स्वतः त्याला पोलिसांच्या हवाली करून आला. गाडीखाली आलेली बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. भाजी आणायला निघाली होती म्हणे. शिक्षा झाली त्या दिवशी मुलाने जाताना आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर बायकोने चर्च सोडलं. जेवणाआधीची प्रार्थनाही बंद झाली. ताट वाढलं की ती सरळ जेवायला लागायची. आपण या शब्दांकडे कधी नीट लक्षही दिलं नव्हतं, पण आता ते नसले की जेवण सुरू झाल्यासारखंच वाटत नाही, असं त्याच्या ध्यानात आलं. तो पाळकांकडे गेला. पाळक किडकिडीत माणूस, बारा महिने सर्दी.

"मला प्रार्थना जमत नाही," तो म्हणाला. "डोळे मिटले की तो रस्ताच दिसतो."

"मग रस्त्याबद्दलच बोला," पाळक नाक पुसत म्हणाले. "पण रोज बोला. वेळ एक ठेवा, जागा एक ठेवा. आणि बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. दात घासताना कोणाला बरं वाटतं? तरी घासतोच ना आपण."

जागा त्याने केबिनची ठरवली. शिडी चढून वर आलं, धाप शांत झाली, फडक्याने काच पुसली की खाली पहिला माल बांधून होईपर्यंत थोडा वेळ हाताशी असायचा. सुरुवातीला तो साहेबाला कामाचा हिशोब द्यावा तसा बोलायचा. मग मन भरकटायचं. दुखरा गुडघा, तारेला घालायचं ग्रीस, काल बायको न बोलता झोपली ते. कधी नुसतं "मी आलोय" म्हणून गप्प बसायचा. हळूहळू सवय अंगात भिनली. सुट्टीच्या दिवशीही त्या वेळेला चुकल्यासारखं वाटू लागलं. शांती मात्र मिळाली नाही. तुरुंगात भेटीच्या दिवशी तो बाकड्यावर बसून राहायचा आणि शिपाई येऊन सांगायचा, "नको म्हणतोय."

एका सकाळी वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं. त्याला पत्ता नव्हता. तो डोळे मिटून बोलत होता, "त्या बाईच्या नवऱ्याला झोप लागू दे. माझ्या पोराने तिला मारलं. मी त्याला धरून दिलं. मी चुकलो असेन तर सांग, नसेन तर तेही सांग. काहीतरी बोल." खाली ज्याच्या ज्याच्या कमरेला तो डबा होता, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. मुलगा परगावी नोकरीला आहे, असंच त्याने आजवर सांगितलं होतं.

दुपारी उतरला तेव्हा कोणी चेष्टा केली नाही. उलट सगळे बाजूला झाले. खालून त्याला इशारे देणाऱ्या माणसाला, पूर्वी शिट्टीवर काम चालायचं म्हणून, 'शिट्टी' म्हणत. तोच एकटा जवळ आला.

"बटण अडकलं होतं तुमचं," तो खाली बघत म्हणाला. "मी खालून बराच वेळ हात हलवला. तुम्ही पाहिलं नाही."

तीच गोष्ट इंजिनिअरच्या कानावर गेली. इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची पुढे केली. "इशारा दिसला नाही, हे मी कसं चालवून घेऊ? तुमच्या हुकला टनभर लोखंड असतं. मन ठिकाणावर नसलेला माणूस मी वर बसवू शकत नाही."

त्याला स्टोअरमध्ये घेतलं. हेल्मेट द्यायची, सुरक्षेचे पट्टे मोजून परत घ्यायचे. तिथे डोळे मिटले की कोणीतरी हातमोजे मागायला यायचंच. मग तो घरीच, निघण्याआधी, पलंगाच्या कडेला बसू लागला.

पुढच्या भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या खिडकीतल्या माणसाने वर न बघता सांगितलं, "इथे नाही तो. दुसरीकडे हलवलाय. त्यानेच अर्ज केला होता."

"कुठे?"

"घरच्यांना सांगू नका, असं त्याने लिहून दिलंय."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. "माझ्यापासूनही लपवलं का?" एवढंच तिने विचारलं. "घरच्यांना म्हणाला," त्याने सांगितलं.

सकाळी तो नेहमीसारखा पलंगाच्या कडेला बसला. बायको केस विंचरता विंचरता थांबली.

"आज तरी सोडा हे. काय मिळालं त्यातून? पोरगा गेला, क्रेन गेली."

"काही नाही मिळालं."

"मग?"

"सोडून कुठे जाऊ?" तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाशी मला हे बोलताच येत नाही."

"माझ्याशी कधी बोललात?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती उठून आत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. त्याने डोळे मिटले. त्या दिवशी त्याला एकही शब्द सुचला नाही, आणि कामाची वेळ होईपर्यंत तो तसाच बसून होता.